दोन ठोके म्हणजे थांब

आमच्या धंद्यात गाडी पुढे न्यायला अक्कल लागत नाही, मागे घ्यायला लागते. पुढे काय, कुणीही नेतं. पण दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या गल्लीत ट्रक पाठीमागून आत घालायचा आणि मागचा फाळका बरोबर इमारतीच्या दारासमोर आणायचा, म्हणजे हमालांना कपाट उचलून उगीच लांब चालायला नको, हे ज्याला जमलं तो खरा ड्रायव्हर. आमचा धंदा लोकांची घरं हलवायचा. या घरातलं सामान त्या घरात. निघताना प्रत्येकजण सांगतो, "सांभाळून हं, काचेचं आहे." सगळ्यांचंच काचेचं असतं हो, आम्हाला काय ते नवीन आहे?

गाडी आमचे हे चालवायचे. लग्न झाल्यापासून मी त्यांना इतक्या वेळा स्टिअरिंगमागे बघितलंय की जमिनीवर उभे राहिले की मला ते जरा बुटकेच वाटायचे. गाडी मात्र दोघा भावांच्या नावावर. धाकटे म्हणजे माझे दीर, भावजी. फोन घेणं, भाडी ठरवणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हे त्यांचं खातं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते भावजी इस्त्रीचा शर्ट घालून करतात. आणि तिसरा पैलवान, हमालांचा मुकादम. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून पैलवान. पण धुण्याचं मशीन पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातो आणि वर पोचल्यावर श्वाससुद्धा न लागता विचारतो, "चहा मिळेल का?"

मग एका भाड्यात लोखंडी कपाट फळीवरून निसटलं आणि यांच्या डाव्या गुडघ्यावर आलं. पाय वाचला, पण गुडघा वाकेना. क्लच दाबायचा पाय नेमका तोच. डॉक्टर म्हणाले, चालाल काठी घेऊन, गाडीचं मात्र विसरा.

भाड्याचे ड्रायव्हर ठेवून बघितले. एकाने गिऱ्हाइकाचं आरशाचं टेबल असं पाडलं की त्या बाई आजही मला बाजारात बघून तोंड फिरवतात. दुसरा गाडी अर्ध्या वाटेत उभी करून मेव्हण्याच्या लग्नाला गेला, तो लग्न होऊन त्या जोडप्याचं भांडण होईपर्यंत परतला नाही. भाडी तुटायला लागली.

आणि मग एके दिवशी गाडीच्या अड्ड्यावर, सगळे हमाल चहा पीत असताना, भावजींनी घसा साफ केला. भावजींनी घसा साफ केला की समजायचं, काहीतरी आधीच ठरलेलं आहे.

"दादा, विटावाले शेठ गाडी घ्यायला तयार आहेत. त्यांचा हंगाम सुरू होताना गाडी हवीय त्यांना. मी म्हणतो, देऊन टाकू. माझ्या मित्राच्या मोबाईलच्या दुकानात भागी मिळतेय. तुला दुकानाच्या दारात खुर्ची टाकून देतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, बस्स. आणि वहिनी, तुमच्या हाताला चव आहे. स्वयंपाकाची दोन-चार घरं तुम्हाला सहज मिळतील."

मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. ज्या माणसाने अर्ध्या शहराची घरं अंगाखांद्यावरून नेली, तो आता दुकानाच्या दारात बसून लोकांना 'या, या' करणार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मला राग आला की माझं तोंड माझ्या आधी बोलतं.

"गाडी मी चालवीन," मी म्हणाले.

मग जे हसू फुटलं! एका हमालाच्या नाकातून चहा आला. भावजींनी तर खिशातून रुमाल काढून डोळे पुसले.

"अहो वहिनी, ती छोटी व्हॅन नव्हे, हा ट्रक आहे!"

"दिसतंय मला. रोज धुते मीच."

"बरं बरं." त्यांना आता गंमत वाटायला लागली होती. "तुम्ही ट्रकचं लायसन काढा, मी गाडी विकायचं नाव घेणार नाही. शेठची गाडी न्यायची वेळ येईपर्यंत तुम्हाला मुदत. काय रे पैलवान, साक्षीदार तू!"

"मी साक्षीदार," पैलवान म्हणाला. तो एकटाच हसत नव्हता.

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, उगाच बोललीस." मी म्हणाले, "बोलले ते बोलले. आता शेंडी तुटो की पारंबी तुटो."

मी स्वतःला चांगली ओळखते. मला कामाचा कंटाळा नाही, पण माझं चित्त एका जागी राहील तर शपथ. भाजी चिरता चिरता फोन, फोनवर बोलता बोलता खिडकीतून शेजारणीशी भांडण, भांडता भांडता दूध उतू. अशी मी. ट्रकला हे चालत नाही. म्हणून मी फोन पिठाच्या डब्यात ठेवायला लागले. पिठात हात घालून फोन काढायचा तर आधी विचार करावा लागतो, खरंच काढायचाय का? दुपारची झोप बंद केली. बारसं, साखरपुडा, कुणाची सून कशी आहे बघायला जाणं, सगळं बंद. शेजारीण दुपारी हटकून गप्पांना यायची, तिला दारातूनच परत पाठवलं. "परीक्षा तुझी आणि उपास मला होय गं?" म्हणत ती फणकाऱ्याने गेली. वाईट वाटलं. तिच्याकडच्या बातम्या खरंच चांगल्या असतात.

आठवडी बाजाराचं मैदान बाजाराचा दिवस सोडला तर ओस पडलेलं असतं. तिथे रिकामी पिंपं उभी करून पैलवानने गल्ली तयार केली. सुरुवातीला हे शेजारी बसले. क्लच, गिअर, ब्रेक. मी गाडी बंद पाडली की हे काही न बोलता खिडकीतून बाहेर बघायचे, आणि ते बोलले असते तर बरं असं मला व्हायचं. पण हळूहळू पुढे जाणं जमलं, वळणं जमली. मग आलं मागे घेणं.

आता आमच्या लोकांची मागे घ्यायची एक रीत आहे. आमच्या गाडीच्या मागून-बाजूंनी गाद्या, सायकली, टेबलांचे पाय असं काय काय लोंबत असतं. आरशात बघावं तर गादी दिसते. म्हणून आरशात कुणी बघतच नाही. एक माणूस मागे उभा राहतो आणि गाडीच्या अंगावर थाप मारतो. एक ठोका म्हणजे ये. दोन ठोके म्हणजे थांब. ड्रायव्हरने फक्त कान द्यायचे. त्यामुळे आमच्या गाडीच्या उजव्या आरशात हे भांग पाडायचे आणि डाव्या आरशावर पैलवान टॉवेल वाळत घालायचा. आरशाचा तेवढाच उपयोग.

मीही तसंच शिकले. हे मागे खुर्ची टाकून बसायचे आणि काठीने गाडीच्या पत्र्यावर ठोके द्यायचे. ठक, आले. ठक, आले. ठक-ठक, थांबले. काय जमायचं सांगू! पिंपाला नखाएवढी जागा ठेवून गाडी उभी करायची मी. पैलवान टाळ्या वाजवायचा. हे काठी टेकत पुढे येऊन म्हणायचे, "अगं, तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे." पाय गेल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पहिल्यांदा बघत होते.

परीक्षेच्या दिवशी गाडी तिथपर्यंत न्यायला मेव्हण्याच्या लग्नाचा तोच ड्रायव्हर बोलावला. माझ्यापाशी लायसन नव्हतं ना! परीक्षा घ्यायला एक मॅडम होत्या. मला वाटलं, चला, बाईच बाईला समजून घेईल. कसलं काय! लोखंडी चेहरा. "गाडी सुरू करा. सरळ. वळा. थांबा." मी सगळं केलं. मग म्हणाल्या, "त्या खांबांच्या मधे मागे घ्या."

मी रिव्हर्स टाकला, क्लच हलकेच सोडला आणि कान दिले.

काही नाही.

हे कुंपणाच्या बाहेर होते, आत कुणाला सोडत नव्हते. मागे कुणीच नव्हतं. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या पायाला ठाऊक नव्हतं. पाय ठोक्याची वाट बघत राहिला. गाडी जात राहिली. मी मान वाकडी करून आरशात बघितलं तर आरशात नुसतं आभाळ, कारण तो यांच्या भांगाच्या उंचीला लावलेला होता. मागे खांब कडकन मोडला तेव्हा कुठे मी ब्रेक दाबला.

"कुणाची वाट बघत होता?" मॅडमनी विचारलं.

"ठोक्याची," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा कधी यायचं ते सांगितलं. ती तारीख नेमकी शेठ गाडी न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवसाची होती.

संध्याकाळी भावजी घरी आले. हसायला आले असते तर परवडलं असतं, ते सांत्वन करायला आले. "जाऊ द्या वहिनी, प्रयत्न केलात हेच खूप. या वयात कोण एवढं करतं?" आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेले. त्यांच्या पाठीमागे कप इतक्या जोरात आपटला मी की कान तुटला. कपाचा.

आता काय चुकलं ते मला कळलं होतं. चूक हाताची नव्हती, पायाची नव्हती. मी गाडी चालवतच नव्हते. गाडी हे चालवत होते, मागे बसून, काठीने. मी नुसती मधली दोरी होते. हे कळलं आणि त्याच्यामागून दुसरंही कळलं, ते मात्र गिळवेना. दोन दिवस मी तोंडातल्या तोंडात घोळवलं. शेवटी हे गुडघ्याला तेल चोळत बसले होते तेव्हा म्हणाले, "उद्यापासून तुम्ही मैदानावर येऊ नका."

"का?"

"तुमच्या ठोक्यांची सवय झालीय मला."

"मग चांगलंच आहे की. मी आयुष्यभर अशीच गाडी लावली."

"तुमच्या मागे पैलवान होता. माझ्या मागे त्या मॅडमच्या मैदानात कुणी नसणार. तुम्ही असलात की मी आरशात बघतच नाही. बघावंसंच वाटत नाही."

हे तेलाची बाटली बंद करत राहिले. झाकण केव्हाच लागलं होतं, तरी फिरवत राहिले.

"मला आता दिवसभरात तेवढंच एक काम उरलंय," ते म्हणाले. "तेही नको?"

त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी सतरा कारणं सांगितली असती, गोड बोलले असते. यांच्याशी खोटं बोलता येत नाही मला. आणि 'या' म्हटलं असतं तर परत तेच झालं असतं. दुपारभर दोघंही खूश आणि शेवटी गाडी विटावाल्याच्या दारात.

"नको," मी म्हणाले.

त्या दिवसापासून आमचा अबोला. मीठ कुठे आहे हे ते भिंतीला विचारायचे आणि मी उत्तर कपाटाला द्यायचे. रात्री पाठ करून झोपायचे. मी मनातल्या मनात म्हणायचे, फुगा, किती फुगायचं तेवढं फुगा.

डाव्या आरशाला तडा गेलेला होता. तो मी काढून नवा बसवून घेतला. पैलवानला बजावलं, "यापुढे टॉवेल दिसला तर त्याचं पोतेरं करीन." आणि सुरू केलं. अरे देवा! ठोक्यांवर नखाएवढी जागा ठेवणारी मी, आरशांवर पिंपांची रांगच्या रांग आडवी करायला लागले. एक पिंप उजवीकडे गेलं की सांभाळायच्या नादात डावीकडची दोन. पैलवान ती उचलून परत उभी करायचा, हूं की चूं नाही. सुरुवातीचे दिवस असे गेले की मला वाटायचं, भावजींना फोन करून सांगावं, घ्या बाबा तुमची गाडी. पण फोन पिठाच्या डब्यात होता आणि डबा घरी. तोवर राग निवायचा.

मग मी स्वतःला एक नियम घालून घेतला. अंदाजाने जायचं नाही. शंका आली की थांबायचं, खाली उतरायचं, मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं की पिंप खरंच कुठे आहे, परत चढायचं आणि तेच पिंप आरशात कसं दिसतं ते मनात ठेवायचं. ट्रकच्या केबिनमधून उतरणं-चढणं म्हणजे काय असतं ते माझ्या कमरेला विचारा. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई मी. रोज दुपारी इतकी चढ-उतार की पैलवान म्हणाला, "वहिनी, गाडीला एक जिना लावून घेऊ या." मी म्हणाले, "तू पिंपं उचल."

आणि त्यात बघे! एक बाई ट्रक शिकतेय ही बातमी कुणी पसरवली कोण जाणे, मैदानाच्या कडेला माणसं जमायला लागली. काही काम नसलेले पुरुष जगात किती आहेत हे मला तेव्हा कळलं. आणि त्यातल्या एकेकाला ट्रक मागे कसा घ्यायचा हे ठाऊक! "येऊ द्या, येऊ द्या! डावीकडे मारा! अहो, डावीकडे! बास, बास, बास!" एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो उजवीकडे. ज्याला घरात कुणी विचारत नाही तो मला दोन्ही हातांनी बोलावतोय. एक दिवस मी खाली उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तुमच्यापैकी ट्रक कोण चालवतं?" एकही हात वर झाला नाही. "मग घरी जा. बायकोला म्हणावं, भांडी मी घासतो." दोघं-तिघं गेले. बाकीच्यांसाठी मी खिडकीच्या काचा वर करून घ्यायला लागले. आत घामाच्या धारा लागायच्या, पण ओरडा ऐकू यायचा नाही. नुसते हलणारे हात दिसायचे, त्यांच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. बघायचं ते दोन आरशांत. उजवा, डावा, उजवा, डावा. शेजारणीची सून, भावजींचा चेहरा, यांची पाठ, जे काही डोक्यात घुसू बघेल त्याला म्हणायचं, थांब, आधी हे पिंप.

एका दुपारी पैलवान पिंपं उचलायला पुढे आला आणि तसाच उभा राहिला. उचलायला काही नव्हतंच. मी खाली उतरून बघितलं. गाडी पिंपांच्या मधोमध, सरळ. मी इकडेतिकडे बघितलं, हे दिसतात का ते. मग आठवलं की मीच त्यांना येऊ नका म्हटलंय. त्या दिवशी मला त्यांचा राग नाही आला, माझाच आला, आणि थोडं रडूही आलं. मग पुन्हा गाडी बाहेर काढली आणि पुन्हा आत घातली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी यांना म्हणाले, "जाऊन येते." ते म्हणाले, "हूं." एवढंच. भाड्याचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला, आम्ही गेलो.

मॅडम त्याच. चेहरा तोच. मला ओळखलं की नाही देव जाणे. सरळ, वळण, चढावर थांबून पुन्हा निघणं, सगळं झालं. काच वर करू लागले तर म्हणाल्या, "खिडकी उघडी राहू द्या." राहू द्या तर राहू द्या.

"मागे घ्या."

मी दोन्ही आरसे माझ्या डोळ्यांना लावून घेतले. रिव्हर्स टाकला. उजवा, डावा. खांब सावकाश जवळ येत होते. शेपूट जरा डावीकडे ओढत होतं, सरळ केलं. अर्धी गाडी आत गेली. शेवटची रेघ अजून मागे होती.

आणि कुंपणाच्या पत्र्यावर ठोके पडले. ठक-ठक!

तो हात मी हजारांत ओळखेन. हे आले होते. मला न सांगता, बस बदलत, काठी टेकत आले होते आणि पत्र्याच्या पलीकडे उभे होते. त्यांना तिथून वाटत होतं की माझी गाडी खांबाला लागणार. म्हणून त्यांनी मला थांबवलं. ठक-ठक! पुन्हा, आणखी जोरात.

माझा पाय ब्रेकवर गेला. लग्नानंतरचं सगळं आयुष्य त्या पायात होतं. हे थांब म्हणाले की थांबायचं, हे चल म्हणाले की चालायचं, आणि त्यात मी कधी दुःखी नव्हते, खोटं कशाला बोलू? त्यांनी आजवर माझं वाईट कधी चिंतलं नाही. आताही माझ्या काळजीनेच ठोकत होते. पण मी आरशात बघितलं. गाडीची कड आणि खांब यांच्या मधे उजेड होता. पंज्याएवढा असेल, पण होता. दुसऱ्या आरशातही होता. जागा होती. मी बघत होते आणि जागा होती!

मी पाय ब्रेकवरून उचलला आणि गाडी मागे जाऊ दिली. ठोके पडत राहिले. मी रेघेपर्यंत गेले आणि मग थांबले, मला थांबायचं होतं तिथे.

मॅडम खाली उतरल्या. मागे गेल्या, वाकल्या, परत आल्या. "तो पत्रा कोण वाजवतंय?" त्यांनी विचारलं.

"माझे मिस्टर."

"त्यांना म्हणावं, सरकारी मालमत्ता आहे." आणि त्यांनी कागदावर सही केली. पास.

मी धावतच बाहेर आले. हे पत्र्याला टेकून उभे होते, चेहरा लालबुंद.

"मी थांब म्हणत होतो."

"ऐकू आलं."

"दोन ठोके दिले. तीनदा दिले."

"सगळे ऐकू आले."

"आणि तरी?"

"तरी," मी म्हणाले. "पास झाले मी."

केबिनमध्ये चढताना त्यांचा पाय अडकला, मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. घरापर्यंत गाडी मी चालवली. मधे ते, पलीकडे तो भाड्याचा ड्रायव्हर, तोच बिचारा "छान चालवता हो" म्हणत राहिला. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट झाली आणि ज्याला सांगायची तो माणूस शेजारी बसून तोंड शिवून! घरी गेल्यावर मी भांड्यांवर राग काढला. त्यांनी जेवण अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अड्ड्यावर पोचलो तर विटावाले शेठ आधीच आलेले. गाडीभोवती फिरून टायरला लाथा मारून बघत होते. भावजी हसतमुख.

"अभिनंदन वहिनी! वा, मानलं तुम्हाला! आता असं आहे, शेठ लांबून आलेत. चावी तेवढी द्या."

मी चावी मुठीत घट्ट धरली. "तुम्ही शब्द दिला होता, भावजी."

"अहो, ती चेष्टा होती! चेष्टा कळत नाही का तुम्हाला? आणि कागद मिळाला म्हणजे काय कुणी ड्रायव्हर होतं? उद्या कुणाच्या भिंतीत गाडी घातलीत तर?"

"शब्द म्हणजे शब्द," पैलवान मागून म्हणाला. "मी साक्षीदार आहे."

"तू गप रे!" भावजींनी त्याला झटकलं आणि यांच्याकडे वळले. "दादा, सही तुझी लागणार आहे. तूच सांग वहिनींना. तुझं ऐकतील."

सगळे यांच्याकडे बघायला लागले. हमाल, शेठ, पैलवान. कालपासून हा माणूस माझ्याशी बोललेला नव्हता. मी त्यांना मैदानातून हाकललं होतं, सगळ्यांसमोर त्यांचं ऐकलं नव्हतं. आता त्यांच्या एका सहीवर सगळं होतं आणि मला त्यांच्याकडे बघायचा धीर होईना. मी शेठच्या बुटांकडे बघत राहिले.

"माझं ऐकेल?" हे म्हणाले. "काल मी तिला थांब म्हणून जीव तोडून सांगितलं. पत्रा बडवला. ऐकलं नाही तिने."

"बघ! तेच तर म्हणतोय मी!"

"रात्रभर झोप नाही मला. आधी रागाने नाही, मग दुसऱ्याच कारणाने नाही. मी थांब म्हणत होतो आणि मागे जागा होती." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मी असतो तर थांबलो असतो. आणि नापास झालो असतो."

भावजींचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे? मग गाडीचं काय करायचं, ते बोल ना!"

"मला काय विचारतोस?" हे म्हणाले. "ड्रायव्हरला विचार."

मी रडले नाही असं सांगायला मला आवडलं असतं. सगळ्या हमालांसमोर, शेठसमोर, नाक वर ओढत रडले. पण बोलले.

"भावजी, शेठना सांगा, गाडी विकायची नाही. भाड्याने हवी तर मिळेल, विटा न्यायच्या असल्या तरी चालेल, पण आधी नंबर लावावा लागेल. आणि तुम्ही आता सांगा, आजचं भाडं कुठलं आहे?"

भावजींनी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. मग भावजींनी खिशातून फोन काढला.